साध्या कंपन्यांच्या वेगवान ब्रिटिश गाड्या: एवढी ओढ नेमकी कशाची?

मिडलंड्सकर

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत एक गोष्ट नेहमी दिसते आणि तिचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. जॅग्वार ई-टाइप किंवा ॲस्टन मार्टिन उभी असली की लोक जरा अंतर राखून कौतुकाने पाहतात, छायाचित्र काढतात आणि पुढे सरकतात. फोर्ड एस्कॉर्ट मेक्सिको, ट्रायम्फ डॉलोमाइट स्प्रिंट किंवा टॅल्बट सनबीम लोटस यांच्याभोवती मात्र घोळका जमतो, मालकाला बॉनेट उघडायला लावले जाते आणि कार्ब्युरेटर मूळचेच आहेत का, इथपर्यंत चौकशी होते. एरवी कारकून, शिक्षक आणि फिरते विक्रेते ज्या गाड्या वापरत, त्यांच्याच या वेगवान आवृत्त्या आहेत. आकडे पाहिले तर आजची एखादी साधी डिझेल गाडीसुद्धा त्यांतल्या बहुतेकींना मागे टाकेल.

ही ओढ गाडीच्या गुणांची आहे, रॅलीतल्या विजयांची आहे, की त्या काळात तरुण असलेल्या पिढीच्या स्वतःच्या तारुण्याची आहे? जाणकारांनी आपले मत द्यावे. शिवाय, जुन्या फोर्ड गाड्यांच्या किमती माझ्या आवाक्याबाहेर गेलेल्या असल्याने, नुसती झाकून न ठेवता प्रत्यक्ष चालवण्यासाठी यांपैकी कोणती गाडी पाहावी, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

खडीचा रस्ता

आपण दिलेल्या तिन्ही कारणांत तथ्य आहे, परंतु त्यांच्या मुळाशी एक कोरडा, कागदोपत्री नियम आहे आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरता कळत नाही. त्या काळी रॅलीत किंवा सलून गाड्यांच्या शर्यतीत एखादी गाडी उतरवायची असेल, तर कंपनीला तिच्या ठरावीक संख्येने प्रती तयार कराव्या लागत; यालाच होमोलोगेशन म्हणतात. म्हणजे स्पर्धेसाठी केलेले इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन हे सारे कोणत्या ना कोणत्या रूपात शोरूममध्ये यावे लागे आणि पैसे मोजणारा कोणीही ते घरी नेऊ शके. शर्यतीतली गाडी आणि दारातली गाडी यांचे नाते जाहिरातवाल्यांनी कल्पनेने जुळवलेले नव्हते. ते नियमानेच बांधलेले होते.

मिनीचेच पाहा. मूळ मिनीचे इंजिन ८४८ सीसीचे आणि ताकद ३४ अश्वशक्ती. ज्यांच्या कंपनीच्या गाड्यांनी फॉर्म्युला वनमध्ये १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली होती, त्या जॉन कूपर यांना त्या चिमुकल्या गाडीत काही तरी दिसले आणि १९६१ मध्ये ९९७ सीसी, ५५ अश्वशक्ती आणि पुढे डिस्क ब्रेक असलेली मिनी कूपर आली. तिच्या पुढच्या कूपर एस आवृत्त्यांनी १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्ये तर पहिल्या तिन्ही जागी मिनीच होत्या, पण पुढच्या दिव्यांच्या रचनेवर बोट ठेवून त्यांना बाद करण्यात आले. ब्रिटनमधला राग अजून पुरता ओसरलेला नाही, आणि गंमत अशी की, जिंकून जेवढे नाव झाले असते त्याहून अधिक नाव त्या बाद होण्याने झाले.

एस्कॉर्टची गोष्ट याच वळणाची, पण अधिक मोठी. १९७० च्या लंडन ते मेक्सिको वर्ल्ड कप रॅलीत हान्नु मिक्कोला आणि गुन्नार पाल्म यांनी एस्कॉर्ट जिंकवली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्डने १५९८ सीसी, ८६ अश्वशक्तीची 'मेक्सिको' बाजारात आणली. तिचे इंजिन साध्या पुशरॉड पद्धतीचे होते, त्यामुळे गल्लीतल्या कोणत्याही मेकॅनिकला ते उघडता येई. तिची थोरली बहीण आरएस १६०० ही इंजिने बनवणाऱ्या कॉसवर्थ कंपनीचे सोळा व्हॉल्व्हचे बीडीए इंजिन घेऊन आली. ती अधिक वेगवान होती आणि अधिक नाजूकही. पुढे १९७२ पासून १९७९ पर्यंत सलग आठ वर्षे ब्रिटनची आरएसी रॅली एस्कॉर्टनेच जिंकली. नोव्हेंबरच्या चिखलात, किल्डरच्या आणि वेल्सच्या जंगलांत रात्री दोरीपलीकडे उभे राहून ती रॅली पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर जाताना शेजाऱ्याच्या दारात तीच गाडी, त्याच आकाराची आणि त्याच पत्र्याची, ११०० सीसीचे इंजिन घेऊन उभी दिसे. ई-टाइपच्या नशिबी हे कधीच नव्हते. घोळका जमतो तो या सलगीपोटी. त्यातल्या प्रत्येकाच्या काकाकडे, मास्तरांकडे किंवा शेजाऱ्याकडे हीच गाडी साध्या रूपात होती आणि त्यामुळे वेगवान आवृत्तीवर आपलाही थोडा हक्क आहे असे त्याला वाटते.

सनबीम लोटसचे प्रकरण मात्र मला या सर्वांत चटका लावणारे वाटते. स्कॉटलंडमधल्या लिनवुड कारखान्यात तयार होणारी ती छोटी हॅचबॅक, तिच्यात लोटसचे २.२ लिटर, १५० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले. १९८० मध्ये हेन्री टोइवोनेनने तिच्यातून आरएसी रॅली जिंकली आणि १९८१ मध्ये टॅल्बटला उत्पादकांचे जागतिक अजिंक्यपद मिळाले. लिनवुड कारखाना बंद पडला तोही १९८१ मध्येच.

शंकेखोर

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण त्यात एक बाजू सोयीस्करपणे गाळलेली आहे. या गाड्या आज लोभस दिसतात, कारण वाईट प्रती केव्हाच भंगारात गेल्या आणि जतन केलेल्या तेवढ्याच समोर उरल्या. त्या काळात दारांच्या खालचे सिल, चाकांवरच्या कमानी आणि पुढच्या स्ट्रटच्या माथ्याचा पत्रा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यांवर काही हिवाळ्यांतच सडत असे. रोव्हर एसडी१ ही १९७७ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' होती आणि बांधणीच्या बाबतीत तिच्या मालकांनी जे भोगले ते सर्वश्रुत आहे. तिचा व्ही-८ मात्र खरोखर सुंदर होता, हे मान्य करायला हवे. अर्थात तोही मुळात अमेरिकेतल्या ब्यूककडून आलेला.

दुसरे असे की, 'सामान्य माणसाची वेगवान गाडी' या कल्पनेची किंमत सामान्य माणसानेच मोजली. १९८६ ची फोर्ड सिएरा आरएस कॉसवर्थ ही २०४ अश्वशक्तीची गाडी १५,९५० पौंडांना मिळत होती, ताशी सुमारे २४० किलोमीटर वेग गाठत होती आणि तिची कुलपे मात्र साध्या सिएराइतकीच साधी होती. चोरांना याहून सोयीचे काय हवे? एस्कॉर्ट एक्सआर३आय आणि ॲस्ट्रा जीटीई यांचीही तीच गत झाली. विम्याचे हप्ते असे चढले की गाडी परवडणाऱ्याला तिचा विमा परवडेना, आणि मौजेसाठी गाडी पळवून बेफाम हाकणाऱ्यांवर वचक बसावा म्हणून १९९२ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. मेळाव्यांत हे कोणी आठवत नाही.

आणि 'ब्रिटिश' म्हणून जो अभिमान मिरवला जातो, त्याकडेही जरा डोळसपणे पाहावे. तीन दारांची ती सिएरा कॉसवर्थ बेल्जियममधल्या गेंक इथे तयार झाली आणि नंतरची एस्कॉर्ट कॉसवर्थ जर्मनीतल्या कारमान कंपनीने बांधली. इंजिनामागचे डोके नॉर्दॅम्प्टनच्या कॉसवर्थचे होते, एवढे खरे.

खडीचा रस्ता

शंकेखोर यांचा चोरी आणि विम्याचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. किंबहुना तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो: ग्रुप ए या स्पर्धावर्गाच्या नियमाने फोर्डला बारा महिन्यांत ५,००० गाड्या करायला लावले नसते, तर मागे मोठा पंख असलेली ती सिएरा कॉसवर्थ रस्त्यावर एवढ्या संख्येने आलीच नसती आणि चोरांच्या हातीही लागली नसती. तिची पुढची पायरी असलेली आरएस ५०० तर नावाप्रमाणे ५०० च निघाली. देशाच्या प्रश्नावर मात्र मी असे म्हणेन की, लोकांनी गाडीचे नागरिकत्व कारखान्याच्या पत्त्यावरून ठरवले नाही. डॅगनम आणि हेलवुड इथे हजारो कुटुंबांची चूल फोर्डवर पेटत होती, त्यामुळे अमेरिकी मालकीची कंपनी त्यांना परकी वाटली नाही.

ग्रिफिन

फोर्डच्या आरत्या चालू असताना वॉक्सहॉलला सगळे विसरतात, म्हणून ही छोटी नोंद. १९९० ची वॉक्सहॉलची लोटस कार्लटन: मूळची चार दारांची, कंपनीच्या अधिकाऱ्याला शोभणारी सलून, तिच्यात ३.६ लिटरचे दोन टर्बोंचे ३७७ अश्वशक्तीचे इंजिन, वेग ताशी १७६ मैल, किंमत सुमारे ४८,००० पौंड. अशी गाडी रस्त्यावर असूच नये असा गजर काही वृत्तपत्रांनी केला होता. १९९३ मध्ये वेस्ट मिडलंड्समध्ये चोरीला गेलेल्या एका लोटस कार्लटनमधून दुकाने फोडण्याचे सत्र सुरू झाले आणि पोलिसांच्या गाड्या तिच्या आसपासही पोहोचू शकल्या नाहीत. ही गाडी मुळात जर्मनीत बांधून नॉरफोकमधल्या हेथेल इथे लोटसकडे जात असे, तेव्हा नागरिकत्वाचा वाद हवा असेल तर हिचाही विचार व्हावा.

त्याउलट, १९८७ मध्ये प्रत्यारोपणासाठीचे यकृत स्टॅनस्टेड विमानतळापासून लंडनमधल्या क्रॉमवेल रुग्णालयापर्यंत, शहराच्या गर्दीतून, २७ मैल साधारण अर्ध्या तासात पोहोचवले ते पोलिसांच्या रोव्हर एसडी१ नेच. त्या गाडीच्या बांधणीवर टीका करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

जुने गॅरेज

मिडलंड्सकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळले नाही, म्हणून लिहितो. फोर्ड आवाक्याबाहेर असेल आणि चालवण्याचा आनंद हवा असेल, तर माझ्या मते ट्रायम्फ डॉलोमाइट स्प्रिंट हाच पर्याय आधी पाहावा.

१९७३ मध्ये आलेल्या या गाडीत १९९८ सीसीचे, १२७ अश्वशक्तीचे, तिरके बसवलेले चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्यातली कल्पकता अशी की, एकाच कॅमशाफ्टवर सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह चालतात; हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हना कॅम थेट दाबतो आणि तोच कॅम रॉकरच्या साहाय्याने धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हनाही हलवतो. या रचनेला १९७४ मध्ये डिझाइन कौन्सिलचे पारितोषिक मिळाले आणि १९७५ मध्ये अँडी राउस यांनी याच गाडीतून ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद जिंकले. आतून पाहिली तर लाकडी डॅशबोर्ड, सरळ बसायच्या मऊ खुर्च्या, एकूण थाट निवृत्त मुख्याध्यापकाच्या दिवाणखान्याचा. आणि ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारी जादा गिअरची सोय) असलेल्या गाडीत गिअरच्या मुठीवरच एक छोटे सरकते बटण असते: तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना अंगठ्याने ते सरकवले की क्लच न दाबता इंजिनाचा सूर एक पायरी खाली उतरतो आणि गाडी तशीच खेचत राहते. हे एकदा अनुभवले की आकड्यांची तुलना मागे पडते.

आता दोषांकडे येतो. या इंजिनाचे वैर उष्णतेशी आहे. पाण्याचा पंप इंजिनाच्या वरच्या भागात असल्याने पाण्याची पातळी थोडी उतरली तरी सर्वांत आधी तोच कोरडा पडतो. मग अल्युमिनियमचे हेड वाकते आणि गॅस्केट जाते. दुरुस्तीला हेड काढावे म्हटले तर लोखंडी स्टड अल्युमिनियममध्ये गंजून असे धरून बसतात की हेड निघता निघत नाही. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवू नये असे विक्रेत्याला सांगावे, थंड इंजिन स्वतः सुरू करावे, वीस मिनिटे चालवून नंतर गर्दीत उभी ठेवल्यासारखी जागेवर चालू ठेवावी आणि तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो ते पाहावे. रेडिएटरमधल्या पाण्याला तांबूस गढूळपणा असेल, तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी निघून यावे. इंजिन दुरुस्त होते; सडलेले सिल आणि मागच्या चाकांच्या कमानी दुरुस्त करताना मात्र खर्चाचा अंदाज नेहमीच कोलमडतो, हे माझे अनेक गाड्या उघडल्यानंतरचे मत आहे.

मिडलंड्सकर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिल्याबद्दल आभार. 'आपलाही थोडा हक्क आहे' हे वाक्य मला पटले, आणि शंकेखोर यांच्या प्रतिसादामुळे माझा भाबडेपणा वेळीच कमी झाला. स्प्रिंटविषयी दोन शंका आहेत: साध्या डॉलोमाइटला स्प्रिंटचे बिल्ले लावून विकण्याचे प्रकार होतात का, आणि एवढ्या जुन्या गाडीसाठी कर, तपासणी आणि पेट्रोल यांचे काय करावे?

जुने गॅरेज

होतात, पण एस्कॉर्ट मेक्सिकोच्या मानाने पुष्कळच कमी, कारण मेक्सिकोला जो भाव येतो त्यामुळे तिथे लबाडीला लाभ अधिक आहे. ट्रायम्फ ज्यात मोडते त्या ब्रिटिश लेलँड घराण्यातल्या गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत आणि चासी क्रमांक दिल्यास शुल्क घेऊन ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. त्यातला मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि तारीख प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावी. मूळचा पिवळा मिमोझा रंग नंतर बदललेला असला, तर दारांच्या बिजागरीमागे आणि गालिच्याखाली तो बहुधा सापडतो.

स्प्रिंटचे उत्पादन १९८० मध्ये थांबले, त्यामुळे प्रत्येक स्प्रिंट आता चाळीस वर्षांच्या पुढे आहे. वाहननोंदणी करणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेकडे तिची 'हिस्टॉरिक' वर्गात नोंद असेल तर रोड टॅक्स भरावा लागत नाही, लंडनच्या यूलेझचे (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचे) शुल्कही पडत नाही आणि गाडीत मोठे फेरबदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीतूनही सूट आहे. ही शेवटची सूट मी स्वतः घेत नाही आणि आपणही घेऊ नये. ब्रेकचे नळ आणि खालचा पत्रा वर्षातून एकदा तरी परक्या माणसाने लिफ्टवर पाहिलेला बरा. पेट्रोलच्या बाबतीत, २०२१ पासून पंपावरचे साधे पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले) झाले असून त्यातल्या इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या लवकर चिरतात, तेव्हा कमी इथेनॉलचे, ई५ दर्जाचे महाग पेट्रोलच भरावे आणि गाडी ताब्यात आल्या आल्या टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या बदलून घ्याव्यात.