मदत हवी आहे: कारवानी कुत्री पहिल्यांदाच व्यायची आहे, मोठा दवाखाना दोन तासांवर. वाट किती बघायची आणि निघायचं कधी?

माळावरची वस्ती

नमस्कार मंडळी. जत तालुक्यात आमची वस्ती आहे. हरणी आमची कारवानी कुत्री, अडीच वर्षांची, पहिलारू. आधीचे दोन माज सोडून या तिसऱ्या माजाला, 9 आणि 11 नोव्हेंबरला, नर दाखवला. नर शेजारच्या गावचा, नात्यातला नाही, दोन्हीकडची आई-बापं आम्ही पाहिलेली आहेत.

आज 4 जानेवारी. पोट खाली उतरलंय, सड भरलेत. बसताना आधी पुढचे पाय टाकते, मग जरा थांबून मागचं अंग टेकवते. खाते व्यवस्थित, पण एका वेळी थोडंच.

तालुक्याचा सरकारी दवाखाना आहे, डॉक्टर मनापासून बघतात. त्यांनी हातानं चाचपून पिल्लं असल्याचं सांगितलं. पण तिथं दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या. कुत्रीचं सिझर करायचं तर सांगलीच गाठायला हवी, म्हणजे गाडीनं दोन तास. रात्री ही अडली तर कुठल्या क्षणी गाडी काढायची, हे मला आधीच ठरवून ठेवायचंय. उगाच हलवून तिचे हाल करायचे नाहीत आणि उशीर तर मुळीच करायचा नाही.

वस्तीवर सगळे प्रेमानंच सांगताहेत. एक म्हणतात, म्हशीला देतात ते पान्ह्याचं इंजेक्शन घरात ठेव, कळा मंदावल्या की टोच. दुसरे म्हणतात, गाईची कॅल्शियमची बाटली रोज थोडी पाज. सासूबाई तिला तूप-भाकरी भरवताहेत. यातलं काय करावं? आणि सध्या पहाटे फार गारठा असतो, पिल्लांना ऊब कशी द्यायची?

रानवाट

ताई, आमच्याकडे कारवानीची काही वेतं झालीत, त्यावरून सांगतो.

दिवस साधारण 63 धरायचे, पण नर दाखवल्या तारखेपासून मोजले तर 58 ते 68 असं पुढंमागं होतं. म्हणजे तुमच्याकडे 6 ते 18 जानेवारीत कधीही. 55 दिवस उलटलेत, तेव्हा या दोन-तीन दिवसांत एक्स-रे काढून घ्या. आता पिल्लांच्या कवट्या आणि मणके दिसतात, आकडा नक्की कळतो. तो आकडा हातात नसेल तर शेवटचं पिल्लू झालं की अजून एक आत आहे, हे रात्री दोन वाजता कोण सांगणार? एकच पिल्लू असेल तर ते मोठं वाढून अडण्याची भीती जास्त, तेही आधीच कळतं.

दुसरं, साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून सकाळ-संध्याकाळ ताप बघा आणि कॅलेंडरवर लिहा. एरवी 101-102 च्या आसपास असतो. 99 च्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत व्यायते. मग ती जमीन उकरेल, धापा टाकेल, थरथरेल, खाणं सोडेल. हे सहा ते बारा तास चालतं, कधी त्याहून जास्त. या काळात तिला एकटीला राहू द्या.

गाडी कधी काढायची, तर खऱ्या, जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पहिलं पिल्लू नाही, तेव्हा. दोन पिल्लांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला आणि आत अजून आहेत, तेव्हा. एखादं पिल्लू अर्धवट बाहेर येऊन अडकलं, तेव्हा. आणि पहिलं पिल्लू होण्याआधीच हिरवट-काळा स्राव दिसला तर कशाचीही वाट न बघता. तो रंग वार, म्हणजे आत पिल्लाला पोसणारी नाळेची गादी, सुटल्याचा असतो. एक पिल्लू झाल्यानंतर तोच रंग दिसला तर घाबरू नका. तुमचा रस्ता दोन तासांचा आहे, म्हणून मी तर म्हणेन की अर्धा तास मोजत असतानाच गाडी दारात लावा आणि डॉक्टरांना फोन करा.

ऊब: पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ 30 अंशांच्या आसपास हवं, त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. लाकडी खोक्याच्या एका कोपऱ्यावर बल्ब उंच टांगा, दुसरा कोपरा मोकळा ठेवा, म्हणजे तिला आणि पिल्लांना सरकता येईल. खाली गोणपाट नको, त्याच्या दोऱ्यांत पिल्लांचे पाय अडकतात. जुनी सुती लुगडी सगळ्यात बरी. खोक्याच्या आतून भिंतीपासून चार बोटं सोडून आडवी पट्टी ठोका, आई टेकली तरी पिल्लू भिंतीशी चेपत नाही.

गोठ्याचा डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. वरचं सगळं बरोबर. इंजेक्शनचं मात्र ठासून सांगतो: ते ऑक्सिटोसिन आहे, घरात ठेवूच नका. पिल्लू आडवं असेल किंवा वाटेत अडकलं असेल आणि वरून कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटू शकतं. तपासल्याशिवाय आम्हीही देत नाही.

कॅल्शियमही आता नको. पोटात पिल्लं असताना वरून कॅल्शियम देत राहिलं की हाडांतून ते काढायची शरीराची सवय मंदावते. मग व्यायल्यावर दूध वाढलं की रक्तातलं कॅल्शियम घसरतं आणि झटके येतात. व्यायल्यापासून पहिले तीन-चार आठवडे यावर लक्ष ठेवा. ती ताठरून चालायला लागली, थरथरली, विनाकारण धापा टाकू लागली की पिल्लं बाजूला करून ताबडतोब दवाखाना. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की उठून बसते, पण वेळ घालवला तर जीव जातो.

सासूबाईंना सांगा, तूप थोडं चालेल, पण भाकरी-दुधावर हे वेत निघणार नाही. उकडलेली अंडी, चिकन घाला, किंवा पिल्लांचं तयार खाद्य द्या. पोटात जागा कमी, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं.

सिझरची वेळ आलीच तर कारवानी आहे हे भुलेच्या आधी आवर्जून सांगा. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ जातींना थायोपेंटोनची भूल उतरायला फार वेळ लागतो, डॉक्टर दुसरं औषध निवडतील.

माळावरची वस्ती

दादा, डॉक्टर, मनापासून आभार. आज एक्स-रे काढून आणला, सहा पिल्लं आहेत. तिथल्या डॉक्टरांचा रात्रीचा नंबर घेतला आणि त्यांना जातही सांगून ठेवली. कॅल्शियम बंद केलं. संध्याकाळचा ताप 101.2.

एक राहिलं. नाळ तिनं तोडली नाही तर?

गोठ्याचा डॉक्टर

पहिलारू कधी कधी गोंधळते. पिल्लू पिशवीसकट पडलं आणि तिनं मिनिटभरात पिशवी फोडली नाही, तर तुम्ही फोडा. नाकातोंडातलं पाणी पुसा, डोकं खाली धरून टॉवेलनं पाठ चोळा. पाय धरून गरगरा फिरवतात तसं करू नका, मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्यानं बांधा, त्यापुढं कापा, टोक आयोडीनमध्ये बुडवा. मग लगेच सडाला लावा. चीक पहिल्या दिवसातच पोटात जायला हवा, नंतर त्यातली ताकद पिल्लाच्या रक्तात उतरत नाही.

स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ ठेवा. प्रत्येक पिल्लाला वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधून रोज वजन घ्या. दहाव्या दिवसाच्या आसपास जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. जे वाढत नाही त्याला मागच्या सडांना लावा, तिथं दूध जास्त असतं. दोन आठवड्यांनी सगळ्यांना जंताचं पहिलं औषध, त्याच दिवशी तिलाही.

रानवाट

आणि पहिला आठवडा बघायला येणाऱ्यांना लांबच ठेवा, ताई. अनोळखी माणसं वाकून बघायला लागली की पहिलारू पिल्लं तोंडात धरून जागा बदलत फिरते. पिल्लू मागायला लोक येतीलच, पण आठ आठवड्यांच्या आत एकही देऊ नका.

माळावरची वस्ती

नाही देणार. गोठ्यालगतची खोली रिकामी केली आहे, तिथं आमच्या दोघांशिवाय कुणी जाणार नाही. पट्टी उद्या सुताराकडून ठोकून घेते. ताप 99 च्या खाली आला की इथं लिहीन. त्या रात्री कुणी जागं असेल तर फार आधार वाटेल.