पीसीओएससाठी झाडपाल्याची चूर्णं घ्यावीत का?

म्हापसेकरीण
भाचीला कॉलेजात असतानाच पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयातून अंडं वेळच्या वेळी न सुटण्याचा आणि पाळी लांबण्याचा विकार. सोनोग्राफी, रक्ततपासणी होऊन गोळ्या सुरू झाल्या. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या बंद आणि चूर्ण सुरू. चंदेरी पिशवी, वर ना कंपनीचं नाव, ना घटक, ना तारीख. आता चार महिने पाळी नाही आणि घरात सगळे म्हणतात, ‘झाडपाल्याचं आहे, धीर धर.’ माझा याला साफ विरोध आहे. अंडं सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसं तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टरकडे जायलाच हवं.

फोंड्याची सून
ताई, पिशवी बिनलेबलची होती, त्याचा राग आयुर्वेदावर कशाला? हार्मोनच्या गोळ्यांनी मला दर महिन्याला रक्तस्राव व्हायचा, बंद केल्या की पुन्हा जैसे थे. मळमळ वेगळीच. वैद्यांनी निवांत बसवून झोप, कोठा, जेवण सगळं विचारलं, शतावरी दिली, रात्रीचं शीत (भात) कमी करायला लावलं. माझी पाळी रुळावर आली. आणि पीसीओएसवर देतात त्या मेटफॉर्मिन गोळीचं मूळ तरी कुठलं? गॅलेगा ही वनस्पतीच ना! गोव्यातच धारगळला 2022 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, भाचीला तिथे न्या.

औषधवाला, डिचोली
गॅलेगातलं मूळ द्रव्य विषारी होतं. म्हणून त्याच्या जवळचा रेणू प्रयोगशाळेत बनवला, मात्रा ठरवली आणि 1957 पासून तो मधुमेहावर वापरात आला. शतावरीचं एवढं कुणी केलंय? तुमची पाळी शतावरीने आली की शीत कमी केल्याने, हे कसं ठरवणार? नुसतं वजन 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींचं चक्र सुधारतं. पुदिन्याच्या चहाचा 42 जणींवर 30 दिवस प्रयोग झाला, 2010 मध्ये छापून आला. चेहऱ्यावर केस वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरलं, पण चेहऱ्यावरच्या केसांत मोजण्याजोगा फरक नाही. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडची पातळीही वाढू शकते. काउंटरवर मुली ‘नॅचरल आहे ना’ म्हणत ती मागतात, तेव्हा थायरॉइडची गोळी चालू आहे का, हे मी आधी विचारतो.

फोंड्याची सून
तीस दिवसांत केस कसे कमी होतील हो? केसांचं चक्रच महिनोन् महिन्यांचं असतं. प्रयोग तोकडा पडला, म्हणून पुदिना निकामी ठरत नाही. आणि परसातल्या झाडावर मोठा प्रयोग करायला पैसा घालणार कोण? मी शतावरी सोडणार नाही. गोळ्या परस्पर बंद करू नयेत, एवढं मात्र मान्य.

म्हापसेकरीण
मग शतावरी चालू आहे हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगितलंय का? बहुतेक जणी ओरडा बसेल म्हणून लपवतात. पीसीओएसवर दिलं जाणारं ज्येष्ठमधसुद्धा रक्तदाब वाढवतं, पोटॅशियम घटवतं. रक्तदाबाची गोळी लिहून देणाऱ्याला हे कळायला नको?