विमानतळावरून गावाकडे येणारी गाडी : ठरवताना काय विचारायचे राहून गेले?

सोनचाफा

गेल्या रविवारी माळा आवरताना जुन्या ट्रंकेखालून एक पुठ्ठा निघाला. बुटांच्या खोक्याचे झाकण कापून केलेला, त्यावर बाबांच्या अक्षरात निळ्या स्केचपेनने माझे नाव लिहिलेले, आणि ते लांबून दिसणार नाही या धास्तीने प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलेले. 1998 च्या मे महिन्यात मी परदेशातून पहिल्यांदा सुटीवर आले, तेव्हा हा पुठ्ठा धरून ते मुंबईच्या सहार विमानतळाच्या कठड्यापाशी उभे होते. सख्ख्या मुलीला ओळखायला नावाची पाटी कशाला, हे आईने त्यांना पुण्यापासून मुंबईपर्यंत ऐकवले असणार.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग तेव्हा व्हायचा होता. बाबांनी स्टँडवर जाऊन एक अँबॅसिडर ठरवली होती. जाण्यायेण्याचे भाडे ठरले, खंडाळ्याला चहासाठी थांबायचे ठरले, कॅरियरवर बॅगा बांधायला दोर कोणी आणायचा हेही ठरले. विमान उशिरा आले तर थांबण्याचे पैसे कसे द्यायचे, एवढेच ठरले नाही. विमान साडेतीन तास उशिरा उतरले. परतीच्या वाटेवर बाबा आणि चालक एकमेकांशी एक शब्दही बोलत नव्हते, आणि ते दोघेही दमले असतील असे मी समजत होते. खरी गोष्ट मला दहा वर्षांनी कळली.

आता डिसेंबरात माझी लेक नवी मुंबईच्या विमानतळावर उतरणार आहे आणि गाडी ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आपापले अनुभव लिहावेत. भाडे किती पडले यापेक्षा काय विचारायचे राहून गेले, ते वाचायला मला आवडेल.

घाटमाथा

तारीख. माझे तारीख विचारायचे, किंबहुना सांगायचे राहून गेले.

भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले 15 तारखेला रात्री 12 वाजून 40 मिनिटांनी उतरणार होती. मी गाडीवाल्याला फोनवर ठणकावून सांगितले, ‘15 तारखेला रात्री पाऊण वाजता.’ त्याने वहीत लिहून घेतले आणि तो त्याच्या समजुतीप्रमाणे अगदी वेळेवर आला असता, म्हणजे 15 तारखेचा दिवस मावळल्यानंतरच्या रात्री. इकडे भाऊ आदल्या रात्रीच बाहेर येऊन उभा. भाऊ तिथून मला फोन करतो आहे, मी गाडीवाल्याला फोन करतो आहे, आणि गाडीवाला चाकणला आपल्या घरी गाढ झोपलेला आहे. चूक त्याची नव्हती, हे मला पहाटे चारला मान्य करावे लागले.

तेव्हापासून मी तारखेच्या जोडीने वार सांगतो आणि तोही असा : ‘शुक्रवारी रात्रीची जेवणे झाल्यावर निघायचे आणि शनिवार उजाडायच्या आत माणसे गाडीत बसलेली हवीत.’ गाडीवाले हसतात, पण चुकत नाहीत.

उंबरठा

आमचे टर्मिनल चुकले होते. गाडी सहारला दोन नंबरच्या टर्मिनलवर, आम्ही सांताक्रूझला एक नंबरच्या. ‘मी गेटसमोरच उभा आहे’ असे दोघेही एकमेकांना वीस मिनिटे शपथेवर सांगत होतो आणि दोघेही खरे बोलत होतो. सध्या एवढेच लिहिते, कुकर लावायचा आहे.

दोन बॅगा

सोनचाफाताई, तुम्ही विचारलेत ते बरे केलेत, कारण हे दुःख मी बरेच दिवस बाळगून आहे.

आम्ही अमेरिकेहून चौघे आलो. प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा घेण्याची मुभा होती आणि आमच्या घरात मुभा म्हणजे आज्ञा समजली जाते. मुंबईहून नाशिकला जाण्यासाठी मी सातआसनी गाडी सांगितली होती, चौघांना सहज पुरेल म्हणून. गाडी आली, चालकाने अदबीने नमस्कार केला, मागचे दार वर उचलले, आणि आत सीएनजीची टाकी होती. टाकीच्या वर उरलेल्या जागेत एक बॅग आडवी मावत होती. कॅरियर नव्हता.

त्यानंतरचा अर्धा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. चालकाने मागची आसने पाडून पाहिली, बॅगा उभ्या, आडव्या, तिरक्या लावून पाहिल्या. शेजारच्या गाडीचे दोन चालक आपणहून सल्ला द्यायला आले आणि त्यांचे आपसांतच जुंपले. शेवटी सहा बॅगा मागे कोंबल्या, सातवी चालकाच्या शेजारी पट्टा लावून बसवली आणि आठवी माझ्या व मुलाच्या मांडीवर राहिली. कसारा घाटातल्या प्रत्येक वळणाला ती बॅग माझ्या बरगड्यांत घुसत होती. सौभाग्यवती मात्र इगतपुरीपर्यंत शांतपणे झोपल्या होत्या.

माणसे किती, हे गाडीवाला स्वतःच विचारतो. बॅगा किती आणि डिकीत टाकी आहे का, हे आपण विचारायचे असते.

उंबरठा

सातव्या बॅगेला पट्टा लावला, हे वाचून घरात सगळे हसलो. पोलिसांनी अडवले असते तर निदान तेवढा नियम तरी पाळलेला होता.

पिवळी पाटी

मी सांगलीचा आहे आणि गेली 14 वर्षे स्वतःची गाडी स्वतः चालवतो. वरचे सगळे वाचले. दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो.

भाड्यावरून जी वादावादी होते, तिचे मूळ बहुतेक वेळा एकाच गोष्टीत असते. तुम्ही म्हणता, ‘आम्ही एकाच बाजूने बसणार.’ खरे आहे. पण पुण्याची गाडी सहारला रिकामी गेली आणि तुम्हाला घेऊन आली, तर तिचे दीडशे आणि दीडशे असे तीनशे किलोमीटर होतात. डिझेल रिकाम्या गाडीलाही लागते. मुंबईत परतीचे दुसरे भाडे मिळणार असेल तर आम्ही एका बाजूचे घेतो, नसेल तर दोन्ही बाजूंचे धरतो. त्यावर टोल, पार्किंग आणि चालकाचा बाटा, म्हणजे भत्ता. हे चारही आकडे गाडी सुटण्याआधी एकदा मोठ्याने बोलून घ्यावेत. मेसेजमध्ये लिहून मागितले तर कोणत्याही सरळ माणसाला राग येत नाही.

रस्ताही ठरवून घ्यावा. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला मी घाईत म्हणून अटल सेतूवरून आणले. अर्धा तास वाचला, पण एकेरी 250 रुपयांचा टोल त्यांनी देण्याचे नाकारले, कारण मी विचारले नव्हते. त्यांचे बरोबर होते. ते 250 माझ्या खिशातून गेले.

उशीर झाला तर काय, हे सोनचाफाताईंनी लिहिलेच आहे. आम्ही विमानाचा नंबर मागतो तो त्यासाठीच, मोबाइलवर विमान कुठवर आले ते दिसते. पण विमान उतरले म्हणजे माणूस बाहेर आला असे नसते. पासपोर्टची रांग आणि बॅगांचा पट्टा यांत दीड तास सहज जातो, आणि तेवढा वेळ पार्किंगचे मीटर चालू असते. म्हणून मी गाडी आत आणत नाही, थोडे लांब थांबतो आणि ‘बॅगा हातात आल्यावर फोन करा’ असे सांगतो. त्यावर लोक म्हणतात, गाडी वेळेवर आली नाही.

आणि एक गोष्ट मला 14 वर्षांत फार तर दोघा-तिघांनी विचारली असेल. सांगलीहून दुपारी निघालेला माणूस रात्री मुंबईत पोहोचतो, गाडीतच पाठ टेकतो, पहाटे तीनला बॅगा उचलतो आणि उजाडता उजाडता खंडाळ्याच्या घाटात असतो. त्याची झोप झाली आहे का, हे विचारायला पैसे पडत नाहीत. मी स्वतः डोळे जड झाले की खालापूरला गाडी बाजूला घेतो आणि वीस मिनिटे झोपतो. काही गिऱ्हाइके त्यावर चिडतात. चिडू देत.

घाटमाथा

दादा, तुम्ही लिहिलेले दोनदा वाचले. माझ्या त्या पहाटेच्या गाडीवाल्याला झोपेतून उठवून मी तातडीने निघायला लावले होते आणि तो निघालाही होता. आता अंगावर काटा आला.

कृष्णाकाठ

मला कोल्हापूरला जायचे होते, एकटीने, रात्री दोनला. मेसेजमध्ये आलेला गाडीचा क्रमांक आणि समोर आलेल्या गाडीचा क्रमांक वेगळा होता. चालक म्हणाला, ‘ती गाडी गॅरेजला आहे मॅडम, मालकांनी ही पाठवली.’ तसे घडतही असेल, पण या गाडीची पाटी पांढरी होती. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतात, हे मला आत्येने लहानपणीच शिकवले होते. तिच्या यजमानांची टॅक्सी होती.

मी बसले नाही. त्या माणसाने काही वावगे केले नाही, उलट ‘तुम्हाला पटत नसेल तर नका बसू’ असे तो शांतपणे म्हणाला, आणि त्यामुळे मला अधिकच अपराधी वाटले. एकदा बाहेर पडल्यावर परत आत जाता येत नाही, म्हणून दारावरच्या जवानाच्या नजरेच्या टप्प्यात बॅगेवर बसून राहिले. माझ्या फोनमध्ये इथले कार्ड नव्हते आणि विमानतळाच्या वाय-फायचा ओटीपी नेमका इथल्याच नंबरवर येणार होता. शेजारी नातवाची वाट पाहणाऱ्या एका आजोबांनी स्वतःचा फोन दिला आणि मालकाशी काय बोलायचे तेही हळू आवाजात सांगितले. पावणेदोन तासांनी पिवळ्या पाटीची गाडी आली. तोवर आजोबांचा नातू येऊन गेला होता, पण आजोबा माझी गाडी सुटेपर्यंत हलले नाहीत. नातू मात्र वैतागला असणार.

माझे राहून गेलेले विचारणे असे : ऐन वेळी गाडी बदलली तर मला कोण आणि कोणत्या नंबरवर कळवणार?

सोनचाफा

कृष्णाकाठ, अगदी योग्य केलेत, अपराधी वाटून घेऊ नका. लेकीला इथले कार्ड उतरण्याआधीच कसे मिळेल, याचा विचार तुमच्यामुळे सुरू झाला. तिचे जुने कार्ड माझ्याकडे कुंकवाच्या डबीत आहे, ते चालू आहे की बंद पडले, ते आज पाहते.

तळकोकण

आमच्याकडे वेगळीच गंमत झाली. गोव्याला वर्षानुवर्षे विमानतळ म्हणजे दाबोळी. जानेवारी 2023 पासून मोपाहूनही विमाने सुटू लागली. आम्हा सावंतवाडीकरांना मोपा म्हणजे अगदी दारात. मामेभावाने बेंगळुरूहून मोपाचे तिकीट काढले, कारण ते जवळ. आणि माझ्या वडिलांनी बांद्याच्या ओळखीच्या गाडीवाल्याला सांगितले, ‘गोव्याच्या विमानतळावर जा.’ गाडीवाला निमूटपणे मोपाच्या फाट्यावरून पुढे, पणजी ओलांडून, दाबोळीला जाऊन उभा राहिला.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, त्यामुळे भाऊ भर उन्हात टॅक्सीच्या खिडकीपाशी उभा राहून ‘आमची गाडी येणार आहे’ असे सांगत राहिला. दोन तासांनी गाडी आली. वडील आजही म्हणतात, ‘मी विमानतळ म्हटले होते, मोपा कोणी म्हटले होते?’ तिकिटावर दाबोळीला जीओआय आणि मोपाला जीओएक्स असे लिहिलेले असते. आता ती तीन अक्षरे मी गाडीवाल्याला वाचून दाखवतो, मग तो कितीही वैतागो.

थंड चहा

परदेशातला अनुभव चालेल ना? आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे लेस्टरला आले तेव्हा मला रजा नव्हती, म्हणून हीथ्रोवरून गाडी सांगितली. इकडे काळी टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते, पण खासगी भाड्याची गाडी आधी नोंदवल्याशिवाय माणसे घेऊच शकत नाही, तसा कायदाच आहे. त्यामुळे चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, उतरल्यानंतर किती वेळ फुकट थांबणार, हे सगळे आदल्या दिवशीच लिहून आले होते. मी निर्धास्त होते.

जे विचारायचे राहिले ते मात्र मला सुचण्यासारखे नव्हते. बाबांना मधुमेह आहे आणि त्यांना दर तासाला उतरावे लागते. चालकाला वाटेत एकदाही थांबायला सांगितलेले नव्हते, आणि बाबांना इंग्रजीत ते सांगायचा संकोच वाटला. दोन तास ते मुठी आवळून बसून राहिले. घरी पोहोचल्यावर मला ‘ये’ म्हणायलाही न थांबता ते आत धावले. आईने दारातच चालकाच्या हातावर बेसनाच्या लाडवाची पुडी ठेवली होती, आणि हा खाऊ आहे की आणखी काही, अशा नजरेने तो बिचारा त्या पुडीकडे पाहत उभा होता.

आता मी नोंदणी करतानाच लिहिते : वाटेत एक थांबा, दहा मिनिटे.

पिवळी पाटी

थंड चहा, आमच्याकडे हे न सांगता कळते. वडीलधारी माणसे गाडीत असली की फूड मॉल येण्याआधीच आम्ही विचारतो. लाडू मात्र क्वचितच मिळतो.

दोन बॅगा

सोनचाफाताई, लेकीला बॅगा किती, ते विचारलेत का?

सोनचाफा

विचारले. दोन मोठ्या, एक लहान आणि एक गिटार. गिटारीचे ऐकून मीही क्षणभर गप्प झाले.

पिवळी पाटी यांच्याशी कालच बोलणे झाले. गाडी त्यांचीच आहे, डिकीत टाकी नाही, आणि ते आदल्या रात्री पुण्यात भावाकडे मुक्काम करून, दुपारी झोप काढून निघणार आहेत. टोल, पार्किंग आणि बाटा लिहून आला आहे. तारीख मी घाटमाथा यांच्या पद्धतीने सांगितली, तेव्हा ते हसले. संध्याकाळी हे सगळे बाबांना वाचून दाखवले. त्यांना आता कमी ऐकू येते, म्हणून दोनदा वाचले. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, ‘थांबण्याच्या तासांचे बोललीस का?’

बोलले आहे. पहिले दोन तास धरून, पुढे तासाप्रमाणे.