मदत हवी आहे: देवराईतल्या पोवळ्यासारख्या अळंबीला काही संरक्षण आहे का?

नमस्कार मंडळी,

गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. मी नोकरीला साताऱ्यात, गावी जाणं फक्त शनिवार-रविवार. गेल्या खेपेला देवराईत अंजनीच्या झाडाखाली पाचोळ्यातून ही अळंबी वर आलेली दिसली. बोटभर उंच, फिकट नारिंगी, बुडाशी पांढुरकी, वर नुसत्या फांद्याच फांद्या आणि टोकं पिवळी. छत्री नाहीच. एक फांदी धरली तर कोवळ्या काकडीसारखी कट्कन मोडली. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "कुत्र्याची छत्री असंल, हात धू आधी."

एवढ्यावर धागा काढला नसता. पण मंदिरापुढे सभामंडप व्हायचाय आणि नेमका तोच कोपरा पाचोळा लोटून, पेव्हर ब्लॉक टाकून 'स्वच्छ' करणार आहेत. झाडाला हात लावणार नाहीत, म्हणून कुणाची हरकतही नाही. मी तोंड उघडलं तर "बुरशीसाठी मंडप अडवतोस व्हय?" म्हणून हसले.

ही नक्की कोणती, कायद्याने संरक्षित आहे का, आणि झाडं ठेवून खाली ब्लॉक घातले तर ती टिकेल का?

रानभुली:
फोटोत बूड दिसत नाही. पाचोळा बोटाने हळूच बाजूला करा. सडक्या लाकडावर असेल आणि टोकांना मुकुटासारखे कंगोरे असतील तर आर्टोमायसिस या प्रवाळ-अळंबीच्या गटाकडे बघा. मातीतून आली असेल तर एक फांदी काचेवर ठेवून वर वाटी पालथी घाला. सकाळी काचेवर बीजाणूंची भुकटी पिवळट पडली तर रामारिया, हाही तसाच एक गट. पांढरी पडली तर क्लॅव्हुलिना किंवा क्लॅव्हेरिया. पुढे नेमकी जात कोणती ते ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतोच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे विचारा. देवराई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका.

आणि चाखून बघू नका हो! रामारिया फॉर्मोसाने जुलाब लागतात.

वारणाकाठ:
दादा, अर्जात 'संरक्षित प्रजाती' लिहू नका, तोंडघशी पडाल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत काही वनस्पती आहेत, बुरशी एकही नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत क्लॅव्हेरिया झोलिंजेरी ही जांभळी प्रवाळ-अळंबी 'असुरक्षित' वर्गात आहे, पण तुमची नारिंगी. मार्च २०२५ पर्यंत त्या यादीत सगळ्या मिळून १,३०० च्या आसपास बुरशी होत्या, आणि नाव मिळालेल्या जाती लाखाच्या वर. यादीत नसणं म्हणजे धोका नाही असं नव्हे, बहुतेकींची तपासणीच झालेली नाही.

ब्लॉकचं म्हणाल तर दिसतं ते नुसतं फळ, खरा जीव मातीतल्या धाग्यांत. बाहेरच्या देशांत रामारियाच्या पुष्कळ जाती ओक-पाइनच्या मुळांशी देवाणघेवाण करतात: झाडाकडून साखर घ्यायची, बदल्यात पाणी आणि फॉस्फरस द्यायचा. अंजनी-जांभळाची मुळं बहुधा वेगळ्याच बुरशीशी जोडलेली असतात, म्हणून तुमची पाचोळ्यावर जगणारी असावी असा माझा कयास. तसं असेल तर पाचोळा गेला की तिचं जेवणच गेलं. झाड उभं राहून उपयोग काय?

भांडायचंच तर अळंबीवरून नको, जागेवरून भांडा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-जिवांची नोंद) असायला हवी. तीत देवराईची नोंद आहे का बघा, आणि मंडप थोडा बाजूला सरकतो का विचारा.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. ती मातीतूनच आली होती. काचेवर सकाळी हळदीचं बोट पुसल्यासारखा पिवळा डाग, म्हणजे रामारिया! (वाटी आईची आमटीची होती, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं.) सोमवारी रजा टाकून नोंदवही बघायला जातोय. कुणाच्या गावात अशा नोंदवहीत अळंबी चढवली असेल तर त्या पानाचा फोटो टाकाल का?