शब्दचर्चा: 'सेल्फ कन्सेप्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, मुलगी सहावीत. शाळेत कायम पहिल्या दोनात, म्हणून जूनमध्ये होमी भाभा या विज्ञानाच्या स्पर्धा परीक्षेच्या एका स्पेशल बॅचला घातली आणि दिवाळीपर्यंत म्हणायला लागली, "आई मी हुशार नाहीचे, तुम्हाला उगाच वाटायचं". शाळेतले मार्क तेवढेच आहेत हो! समुपदेशक ताई म्हणाल्या सेल्फ कन्सेप्ट खाली गेलाय, कागदावर 'स्वसंकल्पना' लिहून दिलं. सासूबाईंनी विचारलं म्हणजे काय गं, मला धड सांगता आलं नाही. स्वप्रतिमा म्हणू का आत्मविश्वास?

प्रतिसाद:
आत्मविश्वास नको ताई. आत्मविश्वास म्हणजे मला हे जमेल असं वाटणं, आणि सेल्फ कन्सेप्ट म्हणजे मी कसा आहे, कशात चांगला, कशात नाही. स्वप्रतिमा रूढ आहे पण प्रतिमा म्हटलं की एकच फोटो डोळ्यासमोर येतो. मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांची १९८५ची मुलांसाठीची प्रश्नावली आहे, तिच्यात अभ्यास, मित्रमैत्रिणी, खेळ, दिसणं, वागणूक असे पाच वेगळे कप्पे आणि एकंदर मी स्वतःला आवडतो का हा सहावा. अभ्यासात स्वतःला भारी समजणारं पोर मैदानात कोपऱ्यात उभं असतं ते यामुळेच.

प्रतिसाद:
ऐरोलीहून. तुमच्या लेकीचं जे झालंय त्याला शिक्षणाचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी छोट्या तळ्यातला मोठा मासा म्हटलंय, १९८७चा त्यांचा लेख आहे. तेवढीच हुशार दोन मुलं, पण निवडक मुलांच्या वर्गात बसलेलं मूल स्वतःला कमी समजतं कारण तुलना शेजारच्या बाकाशी होते. आपल्याकडे 'वासरात लंगडी गाय शहाणी' म्हणतात पण ती म्हण इथे वापरू नका प्लीज, त्यात गाय लंगडीच ठरते, तुमची मुलगी लंगडी नाहीये, फक्त कळप बदललाय.

प्रतिसाद:
मला तर 'हुशार' याच शब्दावर बोलायचंय. मूळ फारसी, होश म्हणजे शुद्ध, भान. ताप उतरल्यावर आजी म्हणायची "आता जरा हुशारी वाटतेय", म्हणजे ती येते, जाते, परत येते. शाळेने तिचा शिक्का केला, एकदा बसला की जपत बसायचा. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रातल्या संशोधकांचे पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग १९९८मध्ये प्रसिद्ध झाले, किती हुशार आहेस असं कौतुक झालेली मुलं अवघड कोडी चुकल्यावर जास्त खचली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. आम्ही घरी हुशार म्हणणं बंद केलंय, "हे कसं सोडवलंस" एवढंच विचारतो.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे आभार. मला स्वतःला 'स्वतःबद्दलची समजूत' पटतंय, समजूत एकापेक्षा जास्त असू शकतात, चुकीची असू शकते आणि बदलतेही. सासूबाईंना सांगितलं तर लगेच म्हणाल्या, "मग काढू की तिची समजूत!" पण ती रुसलेली नाहीये, तिने बॅचमधल्या तीस मुलांकडे बघून स्वतःशी हिशोब मांडलाय, तो हिशोब तिच्याबरोबर बसूनच बघायला हवा. रविवारी जूनची वही आणि आत्ताची वही शेजारी ठेवून बसणार आहोत दोघी.