स्मार्ट घरासाठी कोणता प्लॅटफॉर्म निवडावा? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे मत हवे आहे

जुळे_सोलापूरकर: नमस्कार. मी पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये काम करतो. घरातील दिवे, पंखे आणि मुख्यतः पाण्याची मोटार एकाच यंत्रणेखाली आणण्याचा विचार आहे. आपल्या सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे हौदातील आणि गच्चीवरील टाकीतील पातळी सतत कळणे मला दिव्यांपेक्षा अधिक गरजेचे वाटते. घरातील उपकरणे एकत्र चालवणाऱ्या होम असिस्टंट, ओपनहॅब आणि स्मार्टथिंग्ज या प्लॅटफॉर्मपैकी काय घ्यावे? इंटरनेट बंद असतानाही सारे चालले पाहिजे.

पायथनप्रेमी: तुमचे शेवटचे वाक्यच निवडीचा निकष आहे. नियम (कोणते उपकरण कधी चालू-बंद करायचे ते) घरातल्या यंत्रावर चालतात की परक्या सर्व्हरवर, हे आधी पाहावे. स्मार्टथिंग्जमध्ये हबवर (घरात ठेवायच्या मध्यवर्ती यंत्रावर) स्थानिक पातळीवर बरेच काही चालते, परंतु ग्रूव्ही भाषेत लिहिलेले जुने कोड २०२२-२३ च्या सुमारास बंद झाले आणि ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारे प्रोग्राम) लुआ या भाषेत नव्याने लिहावे लागले. आपण लिहिलेला कोड कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहणे कोणत्याही विकसकाला परवडणारे नाही. होम असिस्टंट २०१३ पासून मुक्त स्रोत आहे, पायथनमध्ये आहे, आणि २०२४ पासून ओपन होम फाउंडेशनकडे आहे. नियम यामल या साध्या मजकुराच्या फायलींमध्ये ठेवता येतात, म्हणजे गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) इतिहास राहतो. आपल्या प्रोग्राममधून त्याच्याशी बोलण्यासाठी रेस्ट आणि वेबसॉकेट दोन्ही एपीआय मिळतात. मात्र दर महिन्याला नवी आवृत्ती येते आणि जुन्या रचना अधूनमधून मोडतात, म्हणून बदलांची टिपणे वाचल्याशिवाय अद्ययावत करू नये. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवणार असाल तर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी वापरा, कारण नोंदींचा डेटाबेस अखंड लिहीत असतो आणि त्याने कार्ड लवकर झिजते.

होटगी_रोड_वायरमन: प्लॅटफॉर्म कोणताही घ्या, पण मोटार थांबवण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच) तो सोसत नाही आणि त्याचे संपर्क चिकटून बसू शकतात. रिलेने फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोटारीचा प्रवाह पेलणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवावी. त्याच कॉइलच्या मालिकेत गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा) जोडावा आणि हौद रिकामा झाल्यावर मोटार कोरडी फिरू नये म्हणून तिथेही एक बसवावा. मग सर्व्हर, वायफाय, सारे बंद पडले तरी टाकी वाहणार नाही. टाकीत वाफ साचते, त्यामुळे पातळी मोजण्यासाठी जलरोधक अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर घ्या. त्याला साधारण २० सेंटिमीटरच्या आतले अंतर वाचता येत नाही, म्हणून तो भरलेल्या पाण्यापासून तेवढा वर बसवावा लागतो.

जावावाला: ओपनहॅबला इतक्या लवकर बाद करू नये, असे मला वाटते. जावावर आधारलेली त्याची रचना शिकायला जड आहे, पण त्यात प्रत्यक्ष उपकरण आणि त्याचा अर्थ (उदा. ‘गच्चीचा दिवा’) वेगळे ठेवलेले असतात. उपकरण बदलले तरी नियमांना हात लावावा लागत नाही, आणि नियम जावास्क्रिप्टमध्येही लिहिता येतात. तरीही तुमच्या गरजेला होम असिस्टंटच योग्य ठरेल, कारण ईएसपी३२ या वायफाय चिपवरील सेन्सरसाठीचे ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर त्याच्याशी थेट जोडले जाते. दिवे-पंख्यांसाठी मॅटर किंवा झिगबी या सामाईक मानकांची उपकरणे घेतल्यास उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी ती वाया जाणार नाहीत.

जुळे_सोलापूरकर: आभारी आहे. बाहेरगावाहून पातळी पाहायची असेल तर राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडावा का?

पायथनप्रेमी: उघडू नका. अनेक इंटरनेट सेवादाते एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे तो उपाय बहुधा चालणारही नाही. वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीच्या (व्हीपीएन) तंत्रावर आधारलेले टेलस्केल वापरा.