घाटरस्ता आणि अधूनमधून ट्रॅक: टर्बो घ्यावी की एनए?

तिसरा_गिअर
दोन वापरलेल्या गाड्यांमध्ये निवड करायची आहे. दोन्ही दोन लिटर पेट्रोल, मॅन्युअल, वजनही जवळपास सारखं. एक नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे एनए, टर्बोशिवाय हवा ओढणारी; टॉर्क (फिरवण्याचा जोर) २०० न्यूटन-मीटर, रेडलाइन (इंजिन फिरण्याची कमाल मर्यादा) ७५०० आरपीएम. दुसरी टर्बो (एक्झॉस्टवर फिरणारी टर्बाइन इंजिनात हवा दाबून भरते), १६०० ते ४५०० आरपीएमपर्यंत सपाट ३५० न्यूटन-मीटर. वळणावळणाचा घाट आणि अधूनमधून ट्रॅक डे, एवढाच वापर. कागदावर टर्बो सरस आहे हे दिसतंच. चालवताना नेमका फरक कुठे पडतो? आणि घेण्याआधी काय तपासायचं?

क्रँकशाफ्ट
आधी हिशेब करू. किलोवॉट म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९. ३००० आरपीएमला टर्बो ११० किलोवॉट देते, एनए ६३. एनएकडून तेवढेच ११० हवे असतील तर ती ५२५० पर्यंत फिरवावी लागते, म्हणजे त्याच वेगाला एक-दोन गिअर खाली. घाटात वर चढताना हा फरक मोठा असतो. शिवाय २००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी असते. एनएची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. टर्बो मात्र जास्त वेगाने फिरून बरीचशी भरपाई करतो.

आता चालवण्याचं. लॅग आणि बूस्ट थ्रेशोल्ड (टर्बोने दाबलेली हवा, म्हणजे बूस्ट, पूर्ण मिळू लागते तो किमान आरपीएम) या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. थ्रेशोल्डच्या खाली एक्झॉस्टचा प्रवाहच अपुरा असतो, तिथे कितीही थांबलात तरी पूर्ण बूस्ट येत नाही. उपाय एकच, खालचा गिअर. लॅग म्हणजे आरपीएम पुरेसे आहेत, पण टर्बाइनला वेग घ्यायला वेळ लागतो. त्यासाठी वळणाच्या मध्याआधीच थ्रॉटल हलका उघडून ठेवायचा आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की वाढवायचा. एकदम दाबलात तर टॉर्क उशिरा आणि गठ्ठ्याने येतो. फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर आतलं चाक फिरतं आणि नाक बाहेर जातं, रिअर-व्हील ड्राइव्ह असेल तर शेपूट सुटते. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) नसेल तर दुसऱ्या गिअरमधले ते ३५० न्यूटन-मीटर बरेचसे वायाच जातात.

एनएमध्ये पाय जेवढा हलतो तेवढाच टॉर्क बदलतो, तोही लगेच. लांब वळणात थ्रॉटलने गाडीची रेषा सावरायची असेल तर याला तोड नाही. माझं मत विचाराल तर या वापराला एनएच.

हेअरपिन
थोडी दुरुस्ती. एनए म्हणजे सरळ रेषेत वाढणारा टॉर्क, असं नेहमी नसतं. पहिल्या टोयोटा ८६ च्या दोन लिटर इंजिनात मधल्या आरपीएमला टॉर्कला चांगलाच खळगा होता. तिच्या पुढच्या पिढीत, जीआर८६ मध्ये, क्षमता २३८७ सीसी केली आणि २५० न्यूटन-मीटर ३७०० लाच मिळू लागले. त्यामुळे घेताना कमाल आकडा पाहू नका, डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) पूर्ण आलेख पाहा.

ट्रॅकवर मात्र टर्बोची खरी अडचण लॅग नसून उष्णता आहे. चार-पाच लॅपनंतर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) तापतो, आत जाणारी हवा गरम होते, नॉकिंग (मिश्रणाचं अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगी उशिरा देतो आणि गाडी मंद वाटू लागते. ओबीडी रीडरवर (ईसीयूचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) इनटेक हवेचं तापमान बघत राहा. ते चढतच राहिलं तर एक लॅप सावकाश काढा. बूस्ट वाढवण्याआधी मोठा इंटरकूलर लावा, उलट्या क्रमाने नको. इंजिन ऑइल १३० अंशांच्या वर गेलं तर दोन्ही गाड्यांत वेग कमी करायचा.

पाना_१०_१२
तपासणीबद्दल.

टर्बो: थंड इंजिनवर कॉम्प्रेसरचा इनलेट पाइप काढा आणि चाक बोटाने हलवा. आडवा किंचित खेळ साध्या बेअरिंगच्या टर्बोत असतोच, कारण तेव्हा ऑइलचा थर नसतो. आत-बाहेर खेळ जाणवला किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली तर टर्बो गेला समजा. पाइपात तेलाचा ओलावा चालतो, साचलेलं तेल नाही. मग गरम इंजिन पाच मिनिटं आयडलला ठेवून रेस करा. निळा धूर आला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्ह स्टेम सील.

सगळ्यात उपयोगी चाचणी म्हणजे लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद. बंदिस्त ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून पूर्ण थ्रॉटल, आणि ईसीयूने मागितलेला व प्रत्यक्ष बूस्ट शेजारी शेजारी. प्रत्यक्ष बूस्ट सतत ०.२ बार कमी असेल तर पाइपाची गळती, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोबाहेर वळवणारी झडप) किंवा बूस्ट कंट्रोल व्हॉल्व्ह. स्मोक टेस्टने (पाइपात धूर सोडून) गळती लगेच सापडते. रीमॅप झालेली (ईसीयूची सेटिंग बदललेली) गाडी असेल तर उंच गिअरमध्ये कमी आरपीएमवरून जोर लावा. आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

एनए: कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या, सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त तफावत नको. चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर रेव्ह लिमिटर वाचवू शकत नाही. तो फार तर इंधन तोडतो, चाकं मात्र इंजिनाला फिरवतच राहतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. ईसीयूत ओव्हर-रेव्हची नोंद राहत असेल तर ती नक्की वाचा.

तिसरा_गिअर
टर्बोच घेतली तर रोजच्या वापरात काय पाळायचं?

पाना_१०_१२
डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये) असेल तर २००० च्या खाली उंच गिअरमध्ये पेडल तळाला नेऊ नका. तिथे ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनच्या कडा तुटतात. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. ट्रॅकवरून आल्यावर एक लॅप हळू, मग मिनिट-दोन मिनिटं आयडल. तापलेल्या बेअरिंगमध्ये थांबलेलं ऑइल जळून कोळसा होतो आणि ऑइलची बारीक वाट बुजवतो. बूस्ट वाढवलात तर स्पार्क प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरवर आणा, नाहीतर पूर्ण लोडवर ठिणगी विझून मिसफायर होतो.